हिरवं निघालं तर हात काढ

झाड मेलं आहे की जितं, हे आज्जी अंगठ्याच्या नखानं ठरवायची. फांदीची साल गव्हाच्या दाण्याएवढी खरवडायची. खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला की फांदी सोडून द्यायची, कोरडं तपकिरी निघालं की कोयता. शंका राहिली तर शेंड्याची काडी मोडायची. वाळकी काडी कट्कन तुटते. जिती आधी वाकते, आणि तुटली तरी सालीला लोंबकळत राहते. "हिरवं निघालं तर हात काढ." एवढं एकच कलम. मी हे आठव्या वर्षी शिकले. पुढे तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, सनावळ्या घोकून घेतल्या, पण इतका आटोपशीर कायदा काही कुठल्या धड्यात आला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही इंदापूर तालुक्यातून पुण्याला आलो. वडील भवानी पेठेत लाकडाच्या वखारीत हमालीला लागले आणि आम्ही बिबवेवाडीच्या जुन्या गावठाणात एका खोलीत राहिलो. तेव्हा इथे शेतं होती, विहिरी होत्या, आणि दक्षिणेला डोंगर. आज गंगाधामकडून कोंढव्याला जाताना आई माता मंदिराचा चढ लागतो, त्या अंगाचा. हल्ली त्या डोंगरावर हिरवं दिसतं म्हणून तरुणांना वाटतं की पूर्वी घनदाट असेल. कसलं घनदाट! डोंगर बोडका होता. गवत, निवडुंग, घाणेरीची जाळी, मधूनच एखादी बोर नाहीतर बाभूळ. गमतीची गोष्ट अशी की वडील दिवसभर शेकडो मण लाकूड पाठीवर वाहायचे आणि आमच्या चुलीला मात्र काटकी नसायची. वखारीतलं लाकूड विकत घेणं हमालाला परवडत नव्हतं. म्हणून आज्जी रानात जायची.

पहाटे चारला निघायची. बरोबर चार-पाच बायका. कमरेला कोयता, खांद्यावर घायपाताच्या वाखाची दोरी, डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ, पदरात भाकरी. बिबवेवाडीचा डोंगर त्यांच्या कामाचाच नव्हता. त्या कात्रज घाटाच्या अंगाला जात. याचं कारण मला फार उशिरा कळलं. शहर वाढतं तसं त्याच्याभोवती टकलाचं एक कडं पसरत जातं. डोक्यावर मोळी घेऊन सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल तेवढ्या अंतरातलं लाकूड आधी संपतं, मग बैलगाडीच्या अंतरातलं. त्याहून लांबून जळाऊ लाकूड आणणं परवडत नाही, कारण ओल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं आणि वाहतूक त्या पाण्याचीच होते. म्हणून लांबच्या रानातून शहरात येतो तो कोळसा. पाच मण लाकडाचा जेमतेम मणभर होतो, पण ते वाहणं सोपं. मावळ-मुळशीच्या खोऱ्यांतून कातकऱ्यांनी पाडलेला कोळसा पुण्यात यायचा तो या हिशेबानं. आज्जीचाही हिशेब हाच: वाळलेलं घ्यायचं कारण ते पेटतं, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे ते हलकं. जितं झाड तोडणं पाप, असं ती म्हणायची खरं. पण मानेला विचारलं असतं तर मान वेगळं सांगती.

लाकडांच्या जाती तिला माणसांसारख्या ठाऊक होत्या. बाभळीचा विस्तव रात्रभर राखेखाली टिकतो, तेव्हा बाभूळ घरची. बोर काटेरी पण गुणाची. मोई फुसकी, धूर फार. सालई चरचरते, ठिणग्या उडवते, तिच्याजवळ पोर बसवू नये. पांगारा घेणाऱ्याला लोक हसतात. कागद जाळल्यासारखा जातो. घाणेरीच्या काटक्या पेटवायला बऱ्या. आणि बिबवा? त्याचं मेलेलं झाड समोर उभं असलं, नख लावून खात्री झाली असली, तरी हात लावायचा नाही. बिबा उततो. चीक अंगाला लागला की फोड येतात, आणि लाकूड चुलीत घातलं तर धुरानंसुद्धा तोंड सुजतं. बरोबरच्या एका मावशींनी न ओळखता मोळीत एक फांदी बांधली होती. चार दिवस त्यांचे डोळे उघडेनात. धोबी कापडावर खुणा करतो तो बिबवा, गोडंबी देतो तो बिबवा, मूल जन्मलं की घरात हवाच तो बिबवा, पण चुलीत नाही. आमच्या वाडीच्या नावात तोच आहे. बिबवे हे आडनावही आहे, त्यामुळे नाव झाडावरून की घराण्यावरून यावर गावठाणातल्या पारावर वाद घालता येतो. मी झाडाच्या बाजूनं. जळणासाठी डोंगर बोडका करणाऱ्या शहराच्या कडेला, जळणातून सुटलेल्या एकाच झाडाचं नाव उरावं, हे मला आवडतं.

मेलेलं झाड कुणाचं, हा प्रश्न आज्जीचा नव्हे. राज्यकर्त्यांचा, आणि जुना. शिवाजी महाराजांचं १६७०च्या दशकातलं एक पत्र आहे, चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणावैरण उधळलात तर पुढे उपाशी पडाल, मग तुमची माणसं कुणब्याच्या घरात शिरतील, कुणी दाणे आणील, कुणी गवत, कुणी फाटे, कुणी भाजी, आणि मग रयतेला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, अशी तंबी त्यात आहे. मुलांना हे पत्र शिकवताना मी 'फाटे' या शब्दावर थांबायची. भाजीच्या देठाची कीर्ती महाराजांच्या दुसऱ्या एका पत्रानं फार झाली, पण लष्कराला रोज सगळ्यात जास्त लागायचं ते जळण, आणि ते कुणाच्या तरी परसातूनच यायचं. सुकलेली काटकीसुद्धा कुणाची तरी असते, हे त्या एका शब्दात मान्य केलेलं आहे.

त्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. आरमाराच्या प्रकरणात झाडांचा मजकूर येतो. सागवान वगैरे हुजूरच्या परवानगीनं तोडावं; आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि मग एक सवलत: एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या खुशीनं न्यावं. हा उतारा पर्यावरणदिनाच्या भाषणात हमखास येतो आणि भाषण आंबा-फणसावर संपतं. मला त्यातलं जीर्ण झाड महत्त्वाचं वाटतं. झाड मेल्यावर मालकी मरत नाही, असं अमात्य म्हणतात. आरमार उभारणाऱ्या सरकारनंसुद्धा म्हाताऱ्या झाडासाठी शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारायचं. प्रत्यक्षात किती अंमलदारांनी विचारलं असेल ते असो.

कारण विचारण्याच्या रीतीच्या शेजारी न विचारण्याचीही रीत पक्की होती, आणि ती आमच्या घरानं भोगली. गावगाड्यात महारानं करायच्या कामांत चावडीला आणि गावात उतरणाऱ्या अंमलदाराला लाकूडफाटा पुरवणं हे एक. पाटलाच्या दारात ओंडके फोडणंही त्यातच, आणि कुणी मेलं की सरणाला लाकडं पोचवणंही. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकरी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते या गुलामीवर बोट ठेवायला. ही वतनं कायद्यानं गेली १९५८ साली, अंमल पुढच्या वर्षीपासून. माझ्या आजोबांनी त्याच्या आधीच कुऱ्हाड टाकली होती. गावातल्या एका सरणाची लाकडं फोडायला ते गेले नाहीत, त्यावरून आमची चूल दोन महिने बंद पडायची वेळ आली. दुकानदार मीठसुद्धा देईना.

म्हणून आज्जी पुण्यात मोळी विकायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. दोन मोळ्यांतली एक घरात, एक विकायला. "तितं फुकाट फोडली, हितं रोकडा," म्हणायची. दीड-दोन रुपये मिळायचे, घासाघीस करून. वजनमापं साठीच्या सुरुवातीलाच किलोची झाली होती, पण बायका मणाचीच भाषा बोलत आणि मोळीचा भाव डोळ्यांनी ठरे. गिऱ्हाईक आधी एक लाकूड उपसून दुसऱ्यावर आपटायचं. खणखणीत वाजलं तर वाळकं, बद्द वाजलं तर ओलं. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तिची ठरलेली मोळी जायची. लाकडं थेट मागच्या अंगणात, बंबाशेजारी रचायची परवानगी होती. पाणी मागितलं तर मात्र ते वरून ओंजळीत. मी सोबत होते, आठ वर्षांची, आणि मला वाटलं की मोठ्या लोकांत पाणी असंच पितात.

बंब म्हटला की जुने पुणेकर हळवे होतात. तांब्याचा तो उभा बंब, मधल्या नळकांड्यात निखारे, पहाटे चौकात धूर. त्याच्यासाठी लाकूड बारीक फोडलेलं लागे आणि त्याला स्वतंत्र नाव होतं, बंबफोड. वखारीत पाटीवर 'इमारती व जळाऊ' असं लिहिलेलं असायचं आणि जळाऊमध्ये बंबफोड वेगळी रचलेली. घरात गॅस आल्यावरही कितीतरी वर्षं स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळ बंबावर असा दुहेरी संसार चालला. वडील सांगत, मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात वखारीत उसंत नसे. पावसाळ्याची बेगमी करायला सगळं शहर एकदम यायचं. आणि पहिल्या सरीनंतर काही वखारवाले ताडपत्री घालायला मुद्दाम उशीर करीत. भिजलेलं लाकूड काट्यावर जास्त भरतं.

वखारी ज्या भागात होत्या, तिथून महात्मा फुल्यांचा वाडा हाकेच्या अंतरावर आहे, गंज पेठेत. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ साली पुरा केला. त्यात जंगलखात्यावर त्यांनी जो संताप ओतला आहे तो वाचताना मला नेहमी आज्जीची वाट दिसते. ज्यांच्याजवळ थोडकी जमीन, ते आसपासच्या डोंगरांत उंबरं-जांभळं खाऊन, पळस-मोहाची फुलं-पानं आणि रानातून आणलेला लाकूडफाटा विकून दिवस काढत. सरकारनं डोंगर, पडीक जमिनी, गायरानं सगळं जंगलात घातलं आणि गरिबांच्या शेरडांना उभं राहायला जागा उरली नाही, असं त्यांचं म्हणणं. हे लिहिलं गेलं तेव्हा १८७८चा जंगल कायदा जेमतेम पाच वर्षांचा होता. त्या कायद्यानं राखीव, संरक्षित आणि गावची अशी जंगलांची वाटणी केली. राखीव जंगलात जे स्पष्टपणे दिलेलं नाही ते सगळं मना. पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क कागदावर 'सवलत' झाला. वाळकी लाकडं उचलायला अनेक ठिकाणी मुभा राहिली, पण मुभा देणारा ती काढूनही घेऊ शकतो. ठाणे-कुलाब्याकडे यावरून इतकी ओरड झाली की १८८५मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

त्याआधीच्या पिढीतले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हेही इथलेच म्हणायचे; दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगलं झपाट्यानं तुटताहेत आणि ओढे आटताहेत, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. राखणारे सगळे खलनायक आणि तोडणारे सगळे गरीब बिचारे, असं मी वर्गात कधी शिकवलं नाही. पण इमारती सागासाठी आखलेल्या नियमांत चुलीच्या काटकीचा विचार शेवटी आला, तोही गुन्ह्याच्या यादीत.

हा काही आपल्याच देशाचा घोळ नव्हता. १८४१ साली जर्मनीत ऱ्हाइन प्रांताच्या सभेत लाकूडचोरीच्या कायद्यावर वाद झाला. रानात पडलेल्या वाळक्या काटक्या वेचणं हीसुद्धा चोरीच धरायची, असा बेत. पुढच्या वर्षी चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सनं कोलोनच्या 'ऱ्हाइनिशे त्साइटुंग'मध्ये त्यावर झोड उठवली. गळून पडलेलं लाकूड झाडाचं उरत नाही, मग झाडाच्या मालकाचं कसं, हा त्याचा मुद्दा. त्यासाठी त्यानं सापानं टाकलेल्या कातीचा दाखला दिला होता. वडील हमालांच्या अभ्यासवर्गाला जायचे. तिथे त्यांनी हे ऐकलं आणि रात्री आज्जीला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याला म्हनावं, पडल्यालं कुठं ऱ्हातंय? दुसरी बाई आधी उचलती."

आणि आता जे सांगायचं ते मी आज्जी असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

वाळकी लाकडं पुरत नसत. पाच बायका रोज जायच्या, आसपासच्या वाड्यांवरच्या आणखी तितक्याच, आणि झाडं काही आमच्या सोयीनं मरत नव्हती. तिसऱ्या की चौथ्या वर्षी, दसऱ्यानंतर, एका मोठ्या हिवराशी आज्जी थांबली. नख लावलं. हिरवं निघालं. मी म्हटलं, "हात काढ." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि कोयत्यानं बुंध्याभोवती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, साल गोल काढली. वीतभर रुंदीचा पट्टा, सगळीकडून, जराही जोड न ठेवता. झाड तोडलं नाही, फांदी मोडली नाही. पानांत तयार होणारं अन्न मुळांकडे सालीच्या आतल्या थरातून उतरतं. तो थर तुटला की मुळं उपाशी राहतात आणि झाड सावकाश उभ्या उभ्या वाळतं. हे शास्त्र मी पुढे शिकले. आज्जीला एवढं ठाऊक होतं की पुढच्या उन्हाळ्याच्या पुढे जाणार नाही. तोवर आम्ही त्या वाटेनं गेलो की ती त्या झाडाकडे बघायची नाही. वाळल्यावर मात्र तिनं पुन्हा रीतसर नख लावून पाहिलं, आणि मगच कोयता घातला.

राखणदारालाही हे समजत असणार. एकदा त्यानं बायकांचे कोयते काढून घेतले, मोळ्या उतरवल्या, एकेक लाकूड मोडून पाहिलं. सगळी वाळकी. कायद्यात बसत होतं. त्यानं कोयते दिले नाहीत, मोळ्या दिल्या. नवीन कोयत्याला आज्जीचे चार दिवसांचे पैसे गेले.

ऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे वातीचा स्टोव्ह आला आणि रेशनच्या रॉकेलची रांग. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी गॅस. आज्जी शेवटपर्यंत म्हणत राहिली की गॅसच्या भाकरीला चव नाही; तिची मान आणि डोळे मात्र गॅसच्या बाजूचे होते. त्याच काळात पुण्याच्या टेकड्यांवर झाडं लागली. गिरिपुष्प फार लावलं, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. ते खडकाळ जमिनीतही पटकन वाढतं आणि जळायलाही उत्तम, पण ते जळणाच्या अंगाचं झालं तोवर मोळी वाहणाऱ्या बायका उरल्या नव्हत्या. डोंगर हिरवा झाला त्याचं श्रेय झाडं लावणाऱ्यांना मिळतं ते ठीक. थोडं सिलिंडरलाही द्यायला हवं. आता टेकडीवर वाळकं लाकूड तसंच पडून असतं. वाळवी खाते, सुतार पक्षी टोचतो. मार्चनंतर वाळल्या गवताला कुणाची काडी लागली की तेच लाकूड वणव्याला मिळतं.

चूल अगदी गेली असं नाही. अप्पर इंदिरानगरकडे सकाळी फिरायला गेलं की दारापुढे तीन दगडांवर आंघोळीचं पाणी तापताना दिसतं. त्यात जळतात ती मार्केट यार्डातली मोडकी फळांची खोकी. सफरचंदांबरोबर काश्मीरहून आलेल्या फळ्या बिबवेवाडीत बादलीभर पाण्याखाली जातात. आज्जीनं नख लावून पाहिलं असतं आणि म्हणाली असती, हलकं आहे, धूर कमी.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतला शिरीष वाळला. शहरात झाड तोडायचं तर १९७५चा वृक्षसंरक्षणाचा कायदा लागतो; झाड मेलेलं असलं तरी अर्ज करावाच लागतो. मी समितीवर असल्यामुळे अर्ज माझ्याच अक्षरात गेला. कारण: झाड मृत, फांद्या पडून इजा होण्याची शक्यता. एका दुपारी तपासणीस आले. तरुण, हेल्मेट हातात. त्यांनी मोटारसायकलच्या किल्लीनं साल खरवडली. कोरडं तपकिरी निघालं. त्यांनी आणखी वर एका ठिकाणी खरवडलं, तिथेही तसंच. मान डोलावून कागद भरायला लागले.

मला सवय होती म्हणून मी खाली वाकले. बुंध्याला टेकवून ठेवलेली जुनी सायकल बाजूला केली. तिच्या मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वीतभर रुंदीचा पट्टा. सगळीकडून गोल. कडा वाळून काळ्या पडलेल्या, म्हणजे वर्ष तरी झालं असेल. कोयत्याचा घाव जरा वेडावाकडा असतो. हा सरळ होता, करवतीचा. शिरीषाच्या जागेत दोन गाड्या आरामात बसतील, ही चर्चा त्याच्या आदल्या दिवाळीत समितीच्या बैठकीत झाली होती, चहा-बिस्किटांबरोबर.

मी तपासणिसांना पट्टा दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, मग अर्जाखालच्या माझ्या सहीकडे पाहिलं.

"कधी केलंय काय माहीत," ते म्हणाले. "पण आज मेलंय ना, बाई." आणि रकान्यात 'मृत' लिहून त्यांनी विचारलं, लाकूड कुणाला हवंय का.